कुणाचं तरी आजोळ

शिडी ३२ फुटांची होती. लाकडी, भक्कम, दोघं जण शेजारी शेजारी चढतील एवढी रुंद. धाकटा तिसऱ्या पायरीवर गेला आणि तिथेच चिकटला. वर बघेना, खाली बघेना. मागे रांग खोळंबलेली. आणि मी, मुलांशी कसं बोलावं यावर चार मैत्रिणींना सल्ले देणारी बाई, काय बोलले? "अरे, ती बघ, तुझ्याहून लहान मुलगी गेली की वर!"

झालं. त्याने शिडीलाच मिठी मारून भोकाड पसरलं. नवऱ्याने त्याला अलगद उतरवून घेतलं, दोघं आल्या वाटेने परत गेले आणि मी थोरलीबरोबर पुढे निघाले. पुढचा तासभर आठशे वर्षांपूर्वीच्या भिंती बघत होते खऱ्या, पण डोळ्यांपुढे त्याची ती पांढरी पडलेली बोटंच होती.

हे कॉलरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या मेसा व्हर्डेमधलं बाल्कनी हाउस. कड्याच्या कपारीत बांधलेली साधारण चाळीस खोल्यांची वस्ती. शिडी ही तर नुसती सुरुवात. बाहेर पडताना १२ फूट लांब आणि जेमतेम १८ इंच रुंद अशा भुयारातून गुडघ्यांवर रांगत जावं लागतं आणि मग उघड्या कड्यावरून पुन्हा शिड्या. हे सगळं तिकीट काढताना समोर लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं. 'जमेल त्याला' असं परस्पर ठरवणारी मीच. सहा वर्षांच्या पोराला विचारायचं सुचलं नाही.

इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत एक रिवाजच झालाय. भारतातून आजी-आजोबा आले, की ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास आणि जमलंच तर येलोस्टोन. मेसा व्हर्डेचं नाव काढलं की "तिथे काय, पडकी घरंच ना?" असं विचारतात. तर जे कुणी मुलांना घेऊन तिथे जाणार असतील, त्यांच्याशी चार शब्द बोलावेत म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी व्यवहाराचं उरकते. डेन्व्हरहून गाडीने सात-एक तास लागतात, त्यामुळे कोर्टेझ किंवा मँकोसला मुक्काम करा. उद्यानाच्या दारात पोचलात म्हणजे घरांपाशी पोचलात असं समजू नका, तिथून पुढे घाटाच्या वळणांचा पाऊण-एक तास आहे. ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. उंची सात-साडेआठ हजार फूट, हवा कोरडी. मूल उगाच किरकिर करायला लागलं तर रागावण्याआधी पाणी पाजा. क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस, लाँग हाउस इथे रेंजरबरोबरच आत जाता येतं, त्याचं तिकीट आधी काढावं लागतं आणि ते हातोहात संपतं.

आणि लहान मूल बरोबर असेल तर सरळ वेदरिल मेसावरच्या स्टेप हाउसला जा. हा रस्ता फक्त उन्हाळ्याच्या दिवसांत उघडा असतो. तिकीट नाही, घाई करणारी रांग नाही, बांधलेली नागमोडी वाट आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा माझ्या आईच्या गुडघ्यांनाही ती वाट झेपली. बसत बसत, पण झेपली. ती चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आली होती. बाल्कनी हाउसच्या दिवशी ती गाडीतच बसून होती, "मला नको तुमच्या माकडउड्या" म्हणत.

स्टेप हाउसची मजा अशी, की एकाच कपारीत दोन काळ शेजारी शेजारी बसलेत. एका बाजूला जमिनीत खणलेली खळग्यांची घरं, साधारण इसवी सन ६२६ मधली. दुसऱ्या बाजूला दगड घडवून रचलेली मजल्यांची घरं, १२२६ च्या सुमाराची. मधे सहाशे वर्षं. शिवाजी महाराज आणि आपण यांच्यात चारशेसुद्धा नाहीत. ही तुलना थोरलीने केली, मी नाही. दहा वर्षांची मुलगी हे बोटांवर मोजते आणि आपण मात्र ही सगळी 'गुहेत राहणारी माणसं' म्हणून एका पोत्यात भरतो.

मुलांना एवढं तरी जरूर सांगा, की ही गुहेत राहणारी माणसं नव्हेत. हे लोक सहाएकशे वर्षं बहुतेक वर पठारावरच राहिले. मका, घेवडा, भोपळा पिकवला, टर्की पाळल्या, टर्कीच्या पिसांची पांघरुणं विणली, युक्का नावाच्या घायपातीसारख्या झाडाच्या धाग्यांच्या चपला केल्या. कपारीत ते मोठ्या संख्येने उतरले अगदी शेवटी, बाराव्या शतकाच्या अखेरीला, आणि १३०० उजाडायच्या आत निघूनही गेले. म्हणजे ज्या घरांसाठी जगभरातून माणसं येतात, त्या घरांत ते जेमतेम शंभर वर्षं राहिले. शेतं वरच होती. रोज सकाळी कड्यात कोरलेल्या खाचांत हातापायांची बोटं रोवून चढायचं, संध्याकाळी तसंच उतरायचं, पाठीवर मक्याचं ओझं. धाकट्याने हे ऐकलं आणि हळूच विचारलं, "त्यांची मुलं पण?" मी म्हटलं, "हो, मुलं पण." तो जरा वेळ गप्प राहिला. "मग त्यांच्यातलं पण कोणीतरी घाबरत असेल." त्यावर मी काही बोलले नाही. आदल्या दिवशी बोलले तेवढं पुरे होतं.

तिथे एका भिंतीपाशी तो बराच वेळ रेंगाळला. दगडांच्या दर्जांत मातीचा गारा दाबून भरलाय आणि त्यात बारीक बारीक कपच्या ठोकल्यात, तशाच ठोकल्यात जशा आपल्याकडचे गवंडी ठोकतात. गारा ओला असताना बोटांनी दाबलेला. काही ठिकाणी ते दाब दिसतात. भिंतीला हात लावायचा नाही हे त्याला रेंजरने बजावलं होतं, म्हणून त्याने आपलं बोट हवेतच त्या खुणेसमोर धरलं आणि एक डोळा मिटून माप घेतलं. मग दुसरी खूण. मग तिसरी. आम्हाला पुढे जायचं होतं, ऊन वाढत होतं, माझ्या तोंडावर "चला आता" आलं होतं. आई म्हणाली, "राहू दे गं. घर बघतोय तो. आपण नुसत्या भिंती बघतोय."

आता किव्हाविषयी. किव्हा म्हणजे जमिनीत खोल घेतलेली गोल खोली. छपरातल्या भोकातून शिडीने उतरायचं आणि त्याच भोकातून धूर बाहेर. मधोमध आगीची खळगी. एका बाजूने भिंतीतून बाहेरची ताजी हवा आत आणणारा झरोका. आणि त्या झरोक्याच्या नि आगीच्या मधे एक बुटकी आडवी भिंत. ही भिंत कशाला, हा प्रश्न धाकट्याचा. मी फलक शोधायला लागले. आईने फलकाशिवायच सांगितलं, "वारा थेट चुलीवर आला तर जाळ भडकेल, राख उडेल. म्हणून आडोसा. आम्ही पत्रा लावायचो." अगदी तसंच आहे. वारा त्या भिंतीवर आपटून दोन्ही बाजूंनी वळतो आणि खोलीभर पसरतो. जमिनीत आणखी एक छोटंसं भोक असतं, सिपापू. माणसं पाताळातल्या जगातून याच वाटेने वर आली, या समजुतीची ती खूण. त्यांच्या आजच्या वंशजांच्या, म्हणजे पुएब्लो लोकांच्या गावांत किव्हा आजही वापरात आहेत आणि तिथे परक्याला प्रवेश नसतो. हे मुलांना सांगताना मला 'मंदिरासारखं' म्हणायचा मोह झाला होता. आवरला. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडची जोडी लावली की मुलं समजल्यासारखं करतात आणि बघायचं थांबवतात.

हे म्हणते खरी, पण संग्रहालयात पाटा-वरवंटा दिसल्यावर आईला कोण आवरणार? वालुकाश्माचा पाटा, मक्याचे दाणे रगडून रगडून मधे खोल गेलेला. "हा फार गुळगुळीत झालाय," आई काचेला नाक लावून म्हणाली, "याला टाकी लावून घ्यायला हवी." आणि खरंच, त्या बायकाही पाटा गुळगुळीत झाला की दगडाने ठोकून पुन्हा खरबरीत करत. त्या दगडाची कच पिठात जायची आणि चावून चावून दात झिजायचे. थोरलीने आजीला विचारलं, "तुझे पण म्हणून पडले?" आजी म्हणाली, "माझे तुझ्या आईने आणलेल्या चिक्कीने पडले."

दारं एवढी बुटकी कशी, हाही एक हमखास प्रश्न. माणसं बुटबैंगण होती म्हणून नव्हे. पुरुष साधारण साडेपाच फुटांच्या आतबाहेर, बायका पाच फुटांच्या जरा वर. थोरलीने लगेच आजीला भिंतीपासून हातभर अंतरावर उभं करून बघितलं. लहान दार ऊब टिकवतं, एका शिळेने झाकताही येतं. शिवाय बहुतेक कपारी दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा ऊन थेट आत येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सावली. कपारीच्या मागच्या बाजूला पाणीही झिरपतं. पावसाचं, बर्फाचं पाणी वालुकाश्मातून खाली मुरतं, खाली शेलचा थर लागला की अडतं आणि आडवं वाहत बाहेर येतं. त्याच पाण्याने शतकानुशतकं दगड पोखरून ही कपार केली. म्हणजे ज्या पाण्याने घराला जागा करून दिली, तेच पाणी प्यायला.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले त्यावर येते. तिथे गेल्यावर कुणीतरी, बहुधा शेजारी उभा असलेला पर्यटकच, मुलांना सांगतो, "आणि मग ते सगळे गूढरीत्या गायब झाले!" मुलांना हे भयंकर आवडतं. भुतं, परग्रहवासी, शाप, काय काय. पुस्तकांतही असतं. थोरलीने वाचनालयातून आणलेल्या जुन्या पुस्तकात तर या लोकांचं नावही 'अनासाझी' असंच होतं. तो नाव्हाहो भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज'. ज्यांचे ते पूर्वज, त्या पुएब्लो लोकांना तो आवडत नाही, आणि का आवडावा?

गायब कुणी झालं नाही. हे मुलांना पटवायला मला झाडाची मदत झाली. ए. ई. डग्लस नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी काय संबंध ते शोधायला त्यांनी झाडांची वलयं मोजायला घेतली. पाऊस चांगला तर वलय जाड, दुष्काळ तर बारीक. या घरांच्या तुळयांची वलयंही त्यांनी जुळवून ठेवली होती, पण तो हिशेब अधांतरी होता, आजच्या झाडांशी मधला दुवा जुळेना. १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो या गावी एक जळकी तुळई सापडली आणि दोन टोकं जुळली. त्या दिवसापासून कुठली तुळई कुठल्या साली तोडली ते सांगता येऊ लागलं. आणि त्याच वलयांत १२७६ ते १२९९ असा सलग ओढीचा काळ दिसतो. तेवीस वर्षं! त्यात लाकूडतोड झालेली, जमीन थकलेली, माणसं वाढलेली, भांडणंही होती. मग ते निघाले. दक्षिणेला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्याकडे, होपी, झुनी, अकोमा यांच्या प्रदेशाकडे. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथेच आहेत. मेसा व्हर्डेशी नातं सांगणाऱ्या जमाती आणि पुएब्लो आजही कितीतरी आहेत.

धाकट्याला शंका होती. "गेले तर मग सामान का नाही नेलं? मडकी, पाटा?" मी उत्तर जुळवत होते तोवर आई बोलली, "पाटा पाठीवर घेऊन कोण चालेल रे? आपल्या गावच्या घरात पाटा आहे, जातं आहे, तुझ्या पणजीची पितळी घागर आहे. मी कुलूप लावून आले. म्हणून काय मी गायब झाले?"

धाकटा म्हणाला, "पण तू परत जाणार आहेस." आणि मग माझ्याकडे बघून, "आई नाही जाणार."

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मी तरी नाही.

'गायब'सारखंच 'शोध' या शब्दाचंही. १८ डिसेंबर १८८८ रोजी रिचर्ड वेदरिल आणि त्याचा मेहुणा चार्ली मेसन यांनी चुकलेली गुरं शोधताना क्लिफ पॅलेस पाहिलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या भागातल्या युट लोकांना ती घरं आधीपासून ठाऊक होती. आपल्याकडे अजिंठ्याचा 'शोध' १८१९ मध्ये जॉन स्मिथने लावला म्हणतात तसंच. आणि त्या साहेबाने दहाव्या लेण्यात आपलं नाव कोरून ठेवलंय, हे मुलांना जरूर सांगा. भिंतीवर नाव कोरणारे फक्त आपलेच लोक असतात हा त्यांचा गैरसमज जाईल.

१८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेन्शल्ड हा स्वीडिश तरुण आला. त्याने बऱ्याच शास्त्रशुद्ध पद्धतीने उत्खनन केलं आणि वस्तू आगगाडीने पाठवायला निघाला. लोक भडकले, त्याला अटक झाली, पण अडवायला कायदाच नव्हता. सुटला. वस्तू शेवटी फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचल्या. त्यात माणसांचे अवशेषही होते. कायदा झाला १९०६ मध्ये, त्याच वर्षी हे राष्ट्रीय उद्यानही झालं, आणि त्यामागे बायकांनी वर्षानुवर्षं केलेली खटपट होती. वीस माणसांचे अवशेष आणि त्यांच्या दफनातल्या वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि त्यांच्या वंशजांनी त्यांना पुन्हा मातीत ठेवलं. हे मी थोरलीला सांगितलं, धाकट्याला नाही. त्या कपारींतली निम्मी मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जायची, हेही तिनेच फलकावर वाचलं आणि भावाकडे बघून फलकाच्या आड उभी राहिली. कुणाला किती सांगायचं याचा नियम मला माहीत नाही. कधी कधी मुलंच एकमेकांसाठी ठरवतात.

परतताना जमलं तर आणखी एक करा, रस्ता वाकडा करून न्यू मेक्सिकोतल्या अकोमाला जा. ३६७ फूट उंच पठारावर वसलेलं, आजही नांदतं गाव. त्यांचाच वाटाड्या बरोबर असतो, फोटोसाठी वेगळी परवानगी लागते, आणि जिथे नको म्हणतील तिथे नको. आमची वाटाडी बोलताना 'ते' म्हणत नव्हती, 'आम्ही' म्हणत होती. "आम्ही उत्तरेकडून आलो." थोरलीने माझ्या हाताला चिमटा काढला.

तिथे एक बाई आपली मडकी मांडून बसली होती. पातळ, पांढरी, त्यावर केसासारख्या बारीक काळ्या रेघा. तिने सांगितलं, की नवी माती मळताना तिच्यात जुन्या मडक्यांच्या खापऱ्या कुटून घालतात, त्याने भांडं तडकत नाही. आधीच्या खापऱ्यांतही त्याच्या आधीच्या खापऱ्या. मी आईसाठी मराठीत सांगायला लागले, तर ती वाक्य संपायच्या आत म्हणाली, "विरजण!" आणि त्या बाईकडे बघून अशी मान हलवली, जशी गावात शेजारणीकडे बघून हलवते.

त्या वर्षीच्या दिवाळीत गॅरेजमध्ये किल्ला झाला, दरवर्षी होतो तसा. खोकी, जुन्या गोण्या, अंगणातली माती. पण या वेळी थोरलीने किल्ल्याच्या पोटात एक कपार ठेवली आणि तिच्यात मातीच्या खोल्या लावल्या. वर भगवा, खाली टर्की. मावळे भारतातून आलेले, टर्की इथल्या दुकानातली, मावळ्यांपेक्षा दुप्पट मोठी. किव्हा करायचा की नाही यावर बहीण-भावात वाद झाला. तो देवाचा असतो म्हणून करायचा नाही, असं ठरलं. मी मधे पडले नाही.

शिडी धाकट्याने केली. आइस्क्रीमच्या काड्या, दोरा, डिंक. ती कपारीला टेकवून त्याने एक मावळा वर, खोलीच्या दारात उभा केला. दुसरा शिडीच्या तळाशी. शेजारचे काका बघायला आले होते, त्यांनी कौतुकाने विचारलं, "हा खालचा कधी चढणार रे?"

"तो नाही चढणार," धाकटा म्हणाला. "त्याला इथूनच दिसतंय."